अच्छेराची पिशवी

माझ्या धाकट्या जावेला मी पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहिलं. तसं पाहावं असं तिनं काही केलं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग होता. भांडकुदळ असती, आळशी असती, निदान भाकरी करपवणारी असती, तर मी तिच्यावर माया केली असती. पण ती बीडची, शहरातली असूनही तिची भाकरी तव्यावर टम्म फुगायची आणि तोंडातून उलटा शब्द म्हणून यायचा नाही.

आम्ही चकलांब्याचे लिंगायत वाणी. तेव्हा निजामाची अमदानी होती, आमच्याकडे तिला मोगलाई म्हणत. पुढच्या खोलीत गूळ, मीठ, मिरची, खोबरं असं किराण्याचं दुकान आणि मागं घर. सासरे मी सून होऊन यायच्या आधीच गेलेले. माझे मालक आणि दीर माजलगावच्या बाजाराला गाडी घेऊन जायचे, माल भरून आणायचे. पण दुकानात तागडीपुढं बसायच्या त्या आमच्या सासूबाई. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणायचो.

आत्याबाईंच्या हाताची गावात ख्याती होती. गुळाच्या ढेपेतून खडा फोडायचा, तळहातावर एकदा वरखाली करायचा आणि तागडीत टाकायचा. दांडी सरळ. दुसरा खडा घालायची किंवा काढून घ्यायची वेळ क्वचितच यायची. काही गिऱ्हाइकं तर खडा हातात असतानाच विचारायची, "किती हाय, सांगा बरं," आणि मग वजन लावून बघून मान डोलवायची.

पण चाळीस वर्षं त्या तागडीपुढं बसून-उठून त्यांचे गुडघे गेले. मी या घरात आले तेव्हाच त्या भिंतीला धरून उठत होत्या. ते गुडघे माझ्या वाट्याला आले, म्हणजे मीच ते घेतले. निर्गुडीचा पाला आणि लसूण करडईच्या तेलात पाला काळा पडेपर्यंत कढवायचा, दुपारी दुकान थंडावलं की आत्याबाईंना आतल्या खोलीत पाय पसरून बसवायचं आणि तास-तासभर चोळायचं. वरून एरंडाची पानं गरम करून बांधायची. नऊ वर्षं मी हे केलं. आत्याबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "थोरलीच्या हातात गुण हाय." माझ्या अंगावर सोनं फार नव्हतं, पण हे वाक्य होतं. मी ते अंगावर घालून मिरवायची.

आता खरं लिहायला हरकत नाही. नऊ वर्षांत ते गुडघे बरे झाले नाहीत. तेल लावलं की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, सकाळी पुन्हा भिंत. आणि ते बरे व्हावेत अशी मला फार घाईही नव्हती. ते बरे झाले असते तर दुपारी मला कोण हाक मारणार होतं?

आत्याबाईंना स्वतःला दोनच गोष्टींचं दुःख होतं. एक म्हणजे लिंगपूजा. आमच्यात गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात, आणि ती मांडी घालून करायची असते. त्यांना मांडी घालता येईना. पाय लांब पसरून, अवघडून त्या पूजा करायच्या आणि म्हणायच्या, "देवाकडं पाय करून बसावं लागतंय, काय करू?" दुसरं दुःख कपिलधारचं. दर कार्तिकात आसपासच्या वाण्यांच्या गाड्या कपिलधारच्या यात्रेला निघायच्या. तिथं पायऱ्या उतरून खाली, डोंगरातून पडणाऱ्या धारेपाशी जायचं. आत्याबाईंनी कितीक वर्षांत ती धार पाहिली नव्हती. गाडीतून नेतो म्हटलं तर म्हणायच्या, "वरूनच हात जोडून माघारी यायचं, तर घर काय वाईट हाय?"

अशा घरात धाकटी आली. तिचा बाप बीडच्या एका तालमीत वस्ताद होता. तालमीतल्या पोरांचे गुडघे लचकले, सुजले, की हा त्यांना निजवून ठेवायचा नाही. सूज उतरली की त्यांच्याकडून वेगळी, हळूहळूची मेहनत करून घ्यायचा. हे ती परकर नेसायची तेव्हापासून बघत आलेली. पहिले पंधरा दिवस ती गप्प बसून माझं तेल चोळणं बघत राहिली. तिचं ते बघणंसुद्धा माझ्या डोळ्यात खुपायचं. मग एका दुपारी म्हणाली,

"अक्का, तेल तुमचं लई चांगलं हाय. पर आत्याबाईंच्या मांडीचं मांस पार गेलंय. गुडघ्याला धरून ठिवायला कुणीच न्हाई ऱ्हायलं."

"मग काय, म्हातारीला कुस्ती शिकवतीस?" मी म्हटलं.

आत्याबाई हसल्या. पण हसता हसता त्यांनी लुगडं जरा वर घेतलं आणि आपल्या मांडीकडं बघितलं. नऊ वर्षं मी तो पाय चोळत होते, मला मांडी दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. हंडा डोक्यावर घ्यायला आपण चुंबळ करतो ना, तशी फडक्याची चुंबळ धाकटीनं आत्याबाईंच्या गुडघ्याखाली ठेवली. पाय पसरून बसायचं, गुडघ्यानं चुंबळ खाली दाबायची आणि दाबून धरायची. किती वेळ? तिचा बाप आकडे मोजायचा. आत्याबाई म्हणाल्या, "आकडे दुकानात लई झाले," आणि 'ॐ नमः शिवाय' म्हणायला लागल्या. पाच वेळा होईस्तोवर दाबून धरायचं, मग सोडायचं. त्यानंतर पाय ताठ ठेवून हातभर उचलायचा. काही दिवसांनी मिठाच्या पोत्यावर बसून पाय सरळ करायचा. मग त्याच पोत्यावरून, हात न टेकता, उठायचं. दुखलं तर थांबायचं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचं.

शेजारच्या बाया सुरुवातीला पदर तोंडाला लावून हसल्या. माझ्याएवढं कुणी हसलं नसेल. मीच त्यांना बोलावून आणायची. महिन्याभरात त्याच बाया आपापल्या चुंबळी घेऊन यायला लागल्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पाय उचलणं सोपं जायला लागलं तशी धाकटी म्हणाली, "आता वजन पायजे. तालमीत वाळूची पिशवी बांदतेत."

"वाळू कावून?" आत्याबाई म्हणाल्या. "आपल्यात वजनांचा काय दुष्काळ हाय?"

दुकानातलंच वजन पायाला बांधायचं ठरलं. पिशवी मला शिवायला सांगितली. जुन्या खणाच्या चोळीची शिवली, लोखंड घोट्याला लागू नये म्हणून आत चिंध्या भरल्या आणि तोंडाला नाडी ओवली. पहिले पंधरा दिवस पावशेर, मग अर्धा शेर, म्हणजे आमचा अच्छेर. प्रत्येक पाय सकाळी दहादा.

श्रावण लागायच्या सुमाराला एका सकाळी मी चुलीपुढून देवघरात बघितलं, तर आत्याबाई मांडी घालून बसलेल्या. पुरती नव्हे, एक गुडघा जरा उचललेला होता, पण मांडीच. तळहातावर लिंग आणि डोळ्यांतून पाणी. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या पोटात दुखलं. उठल्यावर त्या दारात आल्या आणि पाणी भरायला आलेल्या बाईला म्हणाल्या, "गुण हाय बग धाकटीत." माझं वाक्य उचलून तिच्या गळ्यात घातलं. त्या दुपारी त्यांनी तेलासाठी हाक मारली नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. तिसऱ्या दिवशी मी तेलाच्या वाटीत बघितलं, तर वर धुळीची साय धरलेली होती. त्या वाटीकडं बघून मला जेवढं रडू आलं तेवढं माझ्या माहेरच्या माणसांसाठी आलं नसेल.

नागपंचमीला धाकटीला न्यायला तिचा भाऊ आला. जाताना ती पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाली, "अक्का, अच्छेरच ठिवा. पुढचं म्या आल्यावर बगू. तुमी हायेत म्हणून मला घोर न्हाई."

"व्हय, जा तू," मी म्हटलं.

दुसऱ्या सकाळी मी नाडी सोडली, अच्छेर काढला आणि शेर घातला. चिंध्या वरून नीट सारख्या केल्या. हे मी रागाच्या भरात केलं नाही. भाजी निवडावी तितक्या शांतपणे केलं. गुडघा जरा दुखेल, मेहनतीवरचा विश्वास उडेल, तेलाची वाटी परत निघेल, एवढाच माझा हिशेब होता. पिशवी आत्याबाईंच्या पायाला मी स्वतः बांधली. त्यांनी पाय उचलला आणि अर्ध्यातच थांबल्या. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, दम लागला असेल. मग त्यांनी पाय पुरता उचलला, पुन्हा ठेवला, आणि दहाच्या दहा केले. दुसऱ्या पायाचेही. मंत्र म्हणताना आवाज कापत होता.

असं चार दिवस. पाचव्या सकाळी उजवा गुडघा तव्यावरच्या भाकरीसारखा फुगला. त्यांना उठता येईना. पूजा पुन्हा पाय पसरून.

मी लगबगीनं शेर काढून अच्छेर पिशवीत घातला आणि तेल कढवायला ठेवलं. पुढचे आठ दिवस दुपारच्या हाका परत माझ्या झाल्या. ते आठ दिवस मी सुखात काढले, हेही लिहून ठेवते. सासूचा गुडघा सुजलाय आणि सून चुलीपुढं गुणगुणतेय, असं ते सुख होतं.

धाकटी परत आली ती घरात पाऊल टाकायच्या आत दिरानं तिला दारातच धरलं. "पैलवानाची इद्या म्हातारीवर कावून चालवलीस? पाय मोडून ठिवायचा व्हता का?" माझे मालकही तिच्यावर तोंड टाकून बोलले. ती तडक आत आली, पिशवी उघडली आणि वजन बाहेर काढून बघितलं. अच्छेर.

"अच्छेरानं आसं व्हायला नगं व्हतं," ती म्हणाली. "माजंच चुकलं, अक्का. म्या घाई केली."

आणि मागच्या अंगणात रांजणापाशी जाऊन रडली. मी पीठ मळत होते. माझे हात परातीतून निघाले नाहीत. आत्याबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि डोळे मिटले. मी समजले, त्यांना झोप लागली.

आता हे थेर बंद, असं दोघा भावांनी ठरवलं. पण सूज उतरल्यावर आत्याबाईंनीच हाक मारली, "धाकटे, चुंबळ आण. पयल्यापासनं." मुलगे आडवे आले तर म्हणाल्या, "पाय माजे हायेत का तुमचे?" मग पुन्हा चुंबळ, पुन्हा पोतं, पुन्हा पावशेर. या खेपेला पिशवी कोण बांधतं याकडं मी लक्ष दिलं नाही, म्हणजे लक्ष नसल्याचं दाखवलं. दसऱ्यापर्यंत अच्छेर आला. दिवाळीत त्या दुकानाची पायरी हात न धरता चढल्या-उतरल्या, आणि म्हणाल्या, "कार्तिकात कपिलधार."

गाडीत आम्ही दोघी सुना, आत्याबाई आणि हाकायला दीर. वाटेत बीडला धाकटीच्या माहेरी थांबलो. तिच्या बापानं आत्याबाईंचा गुडघा अंगठ्यानं दाबून बघितला, पाय वाकवून बघितला. मान डोलवली आणि मग विचारलं, "पंचमीला सूज आलती म्हणं. वजन किती व्हतं?"

"अच्छेर," धाकटी खाली बघून म्हणाली.

"अच्छेरानं येत न्हाई," वस्ताद म्हणाला.

तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "न्हाणीत पाय घसरला व्हता माजा. सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

धाकटीनं एकदम मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं झालं. मला मात्र न्हाणीत कुणाचा पाय घसरल्याचं आठवत नव्हतं. त्या दिवसांत आत्याबाईंना न्हाणीत मीच नेत होते. बीडपासून कपिलधारपर्यंत मी गाडीत त्यांच्या गुडघ्यांकडंच बघत बसले.

पायऱ्यांच्या तोंडाशी आम्ही दोघी आत्याबाईंच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो. दोघींनी हात पुढं केले. मी मनात म्हणत होते, माझा धरा, एवढ्या लोकांत माझा धरा. आत्याबाईंनी दोघींकडं बघितलं आणि म्हणाल्या, "सरा गं." आणि एकेक पायरीला एकेक मंत्र म्हणत, भिंतीच्या कडेनं, आपल्या आपण उतरल्या. आम्ही दोघी रिकाम्या हातांनी मागून गेलो.

खाली धारेचे तुषार अंगावर येत होते. धाकटी तांब्या भरायला पुढं गेली. आत्याबाई दगडावर बसल्या आणि धारेकडं बघत, माझ्याकडं न बघता बोलल्या.

"थोरले, चाळीस वरसं तागडी धरली म्या. हाताला कळतं ते पायाला कळत न्हाई व्हय?"

पाण्याचा आवाज मोठा होता, ऐकू आलं नाही असं म्हणता आलं असतं. पण त्या अर्ध्यात थांबल्या होत्या, माझ्याकडं बघितलं होतं, ते मला आठवलं.

"मग उचललात कावून?" शेवटी मी विचारलं.

"नऊ वरसं माजे पाय चेपलेस तू. चार दिस तुज्यासाटी शेर उचलला, त्यात काय एवढं?" धाकटी तांब्या घेऊन येताना दिसली तसा त्यांनी आवाज खाली केला. "पर ती रडली, ते तुजं तू बग."

त्यानंतर आत्याबाईंनी हा विषय जन्मात काढला नाही. पुढं बरीच वर्षं त्या जगल्या आणि शेवटपर्यंत मांडी घालून पूजा केली. दुपारचं तेल त्यांनी पुन्हा सुरू करायला लावलं, रोज थोडं, आणि गिऱ्हाइकांना सांगताना दोघींची नावं घ्यायला लागल्या. मला ते भिक्षा घातल्यासारखं वाटायचं, पण घेत होते. धाकटीला मात्र मी काही सांगितलं नाही. आज सांगू, संक्रांतीला सांगू, तिच्या लेकीच्या लग्नाआधी सांगू, असं करत राहिले. खरं तर, ती मला चांगली समजते तेवढं तरी तिच्याकडून माझ्याकडं राहू दे, असं वाटायचं.

निजाम गेला. शेर-अच्छेर बाजारातून गेले, किलोची वजनं आली. जुनी वजनं आमच्या माळ्यावर पडून राहिली. आणि मग माझे गुडघे गेले. धाकटीनं माळ्यावरून अच्छेर काढला, नवी पिशवी शिवली आणि रोज सकाळी माझ्यापुढं येऊन बसायला लागली. तिचेही केस पांढरे झालेले, पण गुडघे खणखणीत. याचाही मला हेवा वाटतोच. मी एक सवय करून घेतली होती. तिनं बांधायच्या आधी पिशवी तिच्या हातातून घ्यायची आणि तळहातावर एकदा वरखाली करायची. आत्याबाईंचा हात मला आला नाही, पण शेर आणि अच्छेर यांतला फरक कळण्याएवढा आला.

या चैत्रात एका सकाळी तिनं हसून विचारलं, "अक्का, रोज कावून तोलता?"

मी सांगून टाकलं. पंचमी, नाडी, शेर, वस्तादापुढं आत्याबाई काय खोटं बोलल्या ते, सगळं. तिनं पिशवी खाली ठेवली. उठली आणि मागच्या अंगणात गेली. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढलं, ताट पुढं सरकवलं, पण बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाय पसरून बसले होते. ती येणार नाही याची मला खात्री होती. ती आली. समोर बसली, पिशवी पुढं केली. आज तरी तोलू नये, एवढी लाज मला असायला हवी होती. पण माझा हात पुढं गेला. मी पिशवी तळहातावर घेतली, वरखाली केली. ती माझ्या हाताकडं बघत थांबली.

अच्छेरच होता, त्यात कणभरही जास्त नव्हतं. तिनं पिशवी परत घेतली, माझ्या घोट्याला बांधली, आणि गाठ पायाला रुतू नये म्हणून खाली एक बोट घालून बघितलं. उभ्या जन्मात मला तिचा एवढा हेवा कधी वाटला नव्हता.

"उचला, अक्का," ती म्हणाली.

मी पाय उचलला.